फडाच्या पाण्यासारखी शक्ती: दीर्घ आजारात दिवसाची आखणी कशी करावी

धुळे जिल्ह्यातल्या पांझरा नदीच्या काठावरील गावांत फड पद्धतीने, म्हणजे शेतांचे गट (फड) पाडून, शेती भिजवण्याची रीत काही शतकांपासून चालत आलेली आहे. बंधाऱ्यात पाणी किती आहे याचा अंदाज घेऊन त्या वर्षी कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे, आणि पाणी कमी असेल तर कोणता फड कोरडा ठेवायचा, हे गावाने पेरणीपूर्वीच ठरवायचे आणि मग पाटकऱ्याने ठरलेल्या क्रमाने पाणी फिरवायचे, असा तिचा गाभा आहे. उभ्या पिकात पाणी तुटले तर बियाणे, मेहनत आणि पाणी तिन्ही वाया जातात, म्हणून निर्णय आधी घेतला जातो. ऱ्हुमॅटॉइड संधिवातासह अकरा वर्षे काढल्यानंतर माझी खात्री झाली आहे की दीर्घ आजारात अंगातल्या शक्तीचा हिशेबही याच रीतीने करावा लागतो: काम सुरू करण्यापूर्वी, आणि बंधाऱ्यात आज खरोखर असलेल्या पाण्याकडे पाहून.

संधिवात, ल्युपस, हृदयाची कमजोरी, जुनाट दमा, मूत्रपिंडाचा विकार, सिकलसेल (रक्तातील तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार) किंवा कोविडनंतर महिनोन्महिने रेंगाळणारा थकवा, यांपैकी काहीही असले तरी पुढील पद्धत थोड्याफार फरकाने लागू पडते. जिथे फरक जिवावर बेतू शकतो, तिथे तो मी स्पष्ट सांगितला आहे.

सुरुवात तपासणीपासून

थकवा हा आजाराचाच भाग आहे असे गृहीत धरून वर्षानुवर्षे सोसत राहणे ही आपल्याकडची मोठी चूक आहे. मूळ आजाराच्या जोडीला बरे करता येण्यासारखे दुसरे कारण असू शकते. रक्त कमी असणे, थायरॉइडचे काम मंदावणे, बी-१२ किंवा डी जीवनसत्त्वाची कमतरता, साखरेचे चढउतार, झोपेत श्वास अडखळणे, मनाचे खचलेपण आणि काही औषधांचे परिणाम ही त्यांतली नेहमीची कारणे होत. स्त्रियांमध्ये हिमोग्लोबिन १२ पेक्षा आणि पुरुषांमध्ये १३ पेक्षा कमी असेल तर ते कमीच समजले जाते. आमच्या भागात मात्र नऊवर आलेल्या बाईलाही ‘बायकांचे एवढेच असते’ असे सांगणारे लोक भेटतात. ते ऐकू नये. खोकला, वजन घटणे आणि संध्याकाळचा बारीक ताप सोबत असेल तर क्षयरोगाची तपासणी टाळू नये. नंदुरबार जिल्ह्यात आणि सातपुड्याच्या पट्ट्यात आदिवासी समाजात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय असल्यामुळे तिथल्या तरुण मुलामुलींचे सततचे अंग दुखणे आणि दमणे आळसावर ढकलण्यापूर्वी रक्ताची ती तपासणी करून घेतलीच पाहिजे.

आठवडी बाजारात ‘सांधे मोकळे करणारी’ म्हणून विकली जाणारी बिनलेबलची पूड घेऊ नये. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडते. आठ दिवस अंगात बळ आल्यासारखे वाटते आणि मग हाडे, साखर आणि रक्तदाब यांची किंमत चुकवावी लागते. डॉक्टरांनी दिलेले स्टेरॉइडही मनाने एकाएकी बंद करणे धोक्याचे असते.

दोन आठवड्यांची वही

शाळेची एक साधी वही घ्यावी आणि चौदा दिवस रोज चार वेळा, म्हणजे उठल्यावर, दुपारी जेवणापूर्वी, संध्याकाळी आणि झोपताना, शून्य ते दहा या मापात आपली शक्ती लिहावी. त्याखाली त्या वेळात काय केले, किती वेळ उभे राहिलो, कोण भेटले, झोप कशी झाली एवढेच टिपावे. लांबलचक लिहू नये, कारण लिहिण्याचाही थकवा येतो आणि पाचव्या दिवशी वही बाजूला पडते.

वहीत शरीराच्या कष्टांइतकीच बाकीची कामेही लिहावीत. मुलाचा शाळेचा अर्ज भरणे, बँकेत रांगेत थांबणे, लग्नाच्या वरातीतला आवाज सहन करणे, फोनवरचे भांडण आणि पाहुण्यांपुढे दोन तास हसतमुख बसणे या सगळ्यांत शक्ती खर्च होते. मला माझ्या वहीतून कळलेली सर्वांत अनपेक्षित गोष्ट अशी की, भाकऱ्या करण्यापेक्षा सांत्वनाला जाऊन येणे मला अधिक महाग पडत होते.

वही वाचताना आजचा थकवा आजच्याच कामाशी जोडू नये. काही आजारांत, विशेषतः कोविडनंतरच्या थकव्यात आणि ज्याला एमई किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम म्हणतात त्या आजारात, जास्त श्रमाचा फटका बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी बसतो आणि कधी आठवडाभर टिकतो. सोमवारी आपण बाजार केला, मंगळवारी बरे होतो आणि बुधवारी उठता आले नाही, तर बुधवारचे कारण सोमवारात शोधावे लागते.

वाफे मोजणे

आता दिवसाचे वाफे पाडावेत, म्हणजे दिवसभराच्या शक्तीचे छोटे छोटे भाग करावेत. माझा साधारण दिवस बारा वाफ्यांचा आहे. तुमचा आठचा किंवा वीसचा असेल. आकड्याला स्वतःचा अर्थ नाही. कामांची आपापसांत तुलना करता यावी यासाठी तो असतो. माझ्या हिशेबात साध्या आंघोळीला एक वाफा लागतो आणि केस धुवायचे असतील तर दोन. उभ्याने स्वयंपाक केला तर तीन, बसून केला तर दोन. भाजीबाजार चार, तासभर पाहुण्यांशी गप्पा दोन, आणि दवाखान्याची फेरी दहा.

वाफ्यांची संख्या ठरवताना वहीतल्या चांगल्या दिवसांकडे पाहू नये. माझ्या मते या संपूर्ण पद्धतीत सर्वांत कठीण आणि सर्वांत महत्त्वाचा नियम हाच आहे. पाऊस भरपूर झालेल्या वर्षाच्या हिशेबाने दरवर्षी ऊस लावणाऱ्याचे जे होते तेच आपले होते: अंगात जरा बळ आले की आपण आठवड्याची तुंबलेली कामे एका सकाळी उरकतो, मग तीन दिवस अंथरुणात जातात, त्या तीन दिवसांत पुन्हा कामे तुंबतात, आणि चौथ्या दिवशी पुन्हा तेच होते. वहीतल्या मध्यम आणि वाईट दिवसांत जेवढे झाले ती आपली मूळ मर्यादा धरावी आणि त्यातलेही दोन वाफे कोरडे राखून ठेवावेत. अचानक पाहुणा येतो, मूल तापाने फणफणते, नळाला रात्री अकराला पाणी येते. कोरडा वाफा अशा वेळी उपयोगी पडतो.

नळाच्या पाण्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो त्याला कारण आहे. आमच्याकडच्या अनेक गावांत आणि शहरांतही पाणी रोज येत नाही, काही दिवसांच्या अंतराने येते, आणि त्या दिवशी घरातल्या बाईचा सारा दिवस भरण्यात जातो. हा दिवस आठवड्याच्या आखणीत आधीच भरलेला धरावा आणि त्याच दिवशी धुणे, केस धुणे किंवा दळण ठेवू नये. हंड्याऐवजी पाइपने टाकी भरण्याची सोय करणे हा घरातला पहिला खर्च असावा असे मला वाटते, कारण एक भरलेला हंडा उचलताना बोटांचे आणि मनगटाचे सांधे जेवढे ताणले जातात, तेवढे दिवसभरातल्या दुसऱ्या क्वचितच कामात ताणले जात असतील.

दमण्यापूर्वी थांबणे

दमल्यावर घेतलेली विश्रांती महाग पडते, कारण तेव्हा शरीराला पूर्ववत होण्यास कितीतरी अधिक वेळ लागतो. एखादे काम करताना वेदना, धाप किंवा डोके जड होणे कितव्या मिनिटाला सुरू होते ते दोन-तीन वेळा घड्याळ लावून पाहावे. उभे राहिल्यावर वीस मिनिटांनी पाय भरून येत असतील तर बारा-तेरा मिनिटांनीच बसावे, काम अर्धे राहिले तरी बसावे. मोबाइलवर गजर लावणे आवश्यक आहे, कारण कामाच्या ओघात आपण स्वतःला ‘एवढे एक उरकू’ म्हणत राहतो.

विश्रांती म्हणजे पंधरा मिनिटे आडवे होणे, डोळे मिटणे आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवणे. टीव्हीसमोर बसून भाजी निवडणे ही विश्रांती नव्हे. सकाळी एकदा, दुपारी एकदा आणि संध्याकाळच्या स्वयंपाकापूर्वी एकदा अशी ती वेळेवर घ्यावी, अंगात उत्साह असला तरीही घ्यावी.

इथे एक इशारा द्यायला हवा. संधिवात, मधुमेह, हृदयविकार आणि जुनाट दमा यांत अंग पूर्णपणे टाकून दिल्यास स्नायू झिजतात आणि पुढे तेवढ्याच कामाला अधिक शक्ती लागते, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने रोजचा हलका व्यायाम हवाच, आणि त्यासाठी एक वाफा राखून ठेवावा. चालता चालता दोन वाक्ये सलग बोलता येत असतील तर वेग बेताचा आहे असे समजावे. एमईसारख्या आजारात, जिथे श्रमानंतर फटका बसतो, तिथे मात्र दर आठवड्याला ठरावीक व्यायाम वाढवत नेणे अपायकारक ठरू शकते. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१ साली आपल्या मार्गदर्शक सूचनांतून असा चढत्या क्रमाचा व्यायाम काढून टाकला. आपण कोणत्या गटात मोडतो हे श्रमानंतर दोन दिवसांनी वहीत केलेल्या नोंदीवरून आणि डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

काम मोडून घेणे

उन्हाळ्यातले बिबडे (ज्वारीचे वाळवणाचे पापड) करणे हे उदाहरण घेऊ. पहाटे उठून मोठ्या पातेल्यात ज्वारीचा घाटा हाटणे, तो गच्चीवर चढवणे, ऊन चढण्यापूर्वी वाकून थापणे, दुपारी उलटणे आणि संध्याकाळी गोळा करणे अशी ही पाच वेगवेगळी कामे आहेत, आणि ती एकाच माणसाने एकाच दिवशी केली पाहिजेत असा कुठेही नियम नाही. आजाराच्या चौथ्या वर्षी मी बरे वाटते म्हणून पाचही कामांत हात घातला आणि पुढचे सहा दिवस बोटांना कप धरता आला नाही. आता घाटा भाऊ हाटतो, गच्चीवर पुतणी नेते, थापण्याचे काम वहिनी आणि शेजारच्या काकू करतात, आणि मी खुर्चीवर बसून तीळ-मिरचीचे प्रमाण पाहतो व संध्याकाळी वाळलेले बिबडे डब्यात रचतो. बिबडे होतात, आणि दुसऱ्या दिवशी मी चालताफिरता असतो.

प्रत्येक कामाला असेच विचारावे: हे केलेच पाहिजे का, आजच केले पाहिजे का, मीच केले पाहिजे का, आणि बसून करता येईल का. जमिनीवर पाटावर बसून स्वयंपाक करण्याची सवय असलेल्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी की, बसणे स्वस्त असले तरी जमिनीवरून दहा वेळा उठणे महाग असते. गुडघे किंवा श्वास कमजोर असेल तर ओट्याला लागून उंच स्टूल ठेवावे, रोजचे डबे कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीवर ठेवावेत, तवा-कढई दोन्ही तळहातांनी उचलावी, आणि जड भांडे उचलण्याऐवजी ओट्यावरून सरकवावे. भाकरी थापणे जमत नसेल त्या दिवशी कळण्याच्या (ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या) पिठाचे धिरडे चालते. भरीत करायचे असेल तर वांगी भाजण्याचे आणि कुटण्याचे काम वेगवेगळ्या माणसांना द्यावे. धाप लागणाऱ्यांनी वाकताना किंवा उचलताना श्वास रोखू नये. ओठ शीळ घातल्यासारखे करून सावकाश सोडत काम करावे.

वैशाखातला दिवस

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. उष्णतेत अंग थंड ठेवण्यासाठी हृदयाला त्वचेकडे अधिक रक्त ढकलावे लागते, घामावाटे पाणी व क्षार जातात आणि रात्रीची झोप तुटते, त्यामुळे काहीही न करता दोन-तीन वाफे कमी होतात. मार्च सरताना दिवसाच्या वाफ्यांची संख्याच कमी धरावी. पहाटेची वेळ थंड असते हे खरे, पण संधिवातात सकाळी तासभर किंवा अधिक वेळ सांधे आखडलेले असतात, म्हणून माझ्या हाती उन्हाळ्यात आठ ते साडेदहा एवढाच खरा कामाचा वेळ उरतो. त्यात दिवसातले एकच मोठे काम बसवावे आणि बाकीचे सूर्यास्तानंतर करावे.

‘उन्हाळ्यात भरपूर पाणी प्या’ हा सल्ला सर्वांना सारखा लागू नाही. सिकलसेलमध्ये पाणी कमी पडले की वेदनेचा झटका येण्याचा धोका वाढतो, म्हणून बाटली सतत जवळ हवी. डायलिसिसवर असलेल्यांना आणि हृदयाची कमजोरी असलेल्यांना मात्र डॉक्टरांनी पाण्याचे आणि मिठाचे माप ठरवून दिलेले असते, त्यांनी ओआरएस किंवा खारे ताकही विचारल्याशिवाय घेऊ नये. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर उन्हाळ्यात मात्रा बदलावी लागेल का, हे एप्रिलपूर्वीच विचारावे.

सण आणि दवाखाना

कानबाई देवीचे रोट (खान्देशातला सण) श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी असतात हे वर्षभर आधी ठाऊक असते, आखाजीचे, म्हणजे अक्षय तृतीयेचेही तसेच. म्हणून सणाचा हिशेब दिवसाचा न करता पंधरवड्याचा करावा. घराची साफसफाई आठ दिवसांत एकेक खोली अशी वाटावी, सणाच्या आधीचे दोन दिवस जवळजवळ कोरडे ठेवावेत आणि नंतरचे दोन दिवस कोणालाही होकार देऊ नये. सणात आपल्याला मनापासून काय हवे आहे ते एकच ठरवावे. रात्री गाणी म्हणत बसायचे असेल तर दिवसा पुरणाच्या खापराजवळ उभे राहू नये.

दवाखान्याचा दिवसही असाच. धडगाव किंवा अक्कलकुव्याहून नंदुरबारला, किंवा चोपड्याहून जळगावला जाऊन रांगेत थांबून परत येण्यात संपूर्ण दिवस जातो. तपासण्या आणि डॉक्टरांची भेट एकाच फेरीत बसेल का हे आधी फोन करून विचारावे, दशम्या आणि पाणी सोबत घ्यावे, केसपेपर काढायला सोबतच्या माणसाला पाठवून आपण बसावे. डायलिसिस साधारणपणे आठवड्यातून तीनदा आणि प्रत्येक वेळी सुमारे चार तास असते. त्या दिवशीची संध्याकाळ मोकळीच धरावी. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन हे आजार २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत येतात, तेव्हा प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात अर्ज करावा आणि एसटीच्या सवलतींची आगारात चौकशी करावी.

घरात आणि रानात बोलणे

‘मला बरे नाही’ या वाक्याने घरच्यांना काहीच कळत नाही, कारण आपण बाहेरून धडधाकट दिसतो. आकडा सांगितला की कळते. ‘वहिनी, आज माझे सहाच वाफे आहेत, मी बसून शेंगा सोलून देतो, पण बाजाराला येणार नाही’ या वाक्यात नकार आहे आणि देऊ शकतो ते कामही आहे. सुनेला सासूबाईंपुढे असे बोलणे सोपे नसते याची मला जाणीव आहे. तिथे एकदा नवऱ्याने किंवा नणंदेने सोबत दवाखान्यात यावे आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकावे, याचा उपयोग होताना मी पाहिला आहे.

ज्यांचे पोट रोजंदारीवर आहे त्यांना आखणीचे हे स्वातंत्र्य फार थोडे असते, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. तरी कापूस वेचणीची मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे अर्धा दिवस वेचून उठता येते; रोजावरच्या निंदणीपेक्षा असे उक्ते काम मिळवण्याचा प्रयत्न करावा. वेचलेल्या कापसाचे ओझे स्वतः बांधापर्यंत नेऊ नये, जोडीदाराशी अदलाबदल करावी. फवारणी आणि केळीचे घड वाहणे ही कामे हृदयाच्या आणि श्वासाच्या रुग्णांनी सोडून द्यावीत, मग मजुरी थोडी कमी मिळाली तरी.

कोसळलेल्या दिवसासाठी

कितीही आखले तरी असा दिवस येतो. त्यासाठी एक पिशवी खाटेजवळ कायम भरलेली असावी: त्या दिवसाच्या गोळ्या, पाण्याची बाटली, चार्जर, कोरडा खाऊ आणि दोन फोन नंबर लिहिलेला कागद. त्या दिवशी आंघोळीऐवजी अंग पुसून घ्यावे, खिचडीवर भागवावे, आणि पुढचे दोन दिवसही निम्म्याच वाफ्यांचे धरावेत. बरे वाटताच राहिलेली कामे भरून काढू नयेत.

मात्र छातीत दुखणे, अचानक वाढलेली धाप, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, किंवा हृदयरोग्याचे वजन दोन-तीन दिवसांत दोन किलोने वाढणे हा थकवा नसतो. विश्रांती घेत न बसता दवाखाना गाठावा. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि सिकलसेल असलेल्यांनी तापाच्या बाबतीतही थांबू नये. मधुमेह्याला घाम आणि थरथर सुटली तर आधी साखर खावी.

तीन महिन्यांचा कागद

दर तीन महिन्यांनी पुन्हा चौदा दिवसांची वही लिहावी. औषध बदलल्यावर, ऋतू बदलल्यावर वाफे वाढतात किंवा घटतात. चार आठवडे एकही दिवस कोसळला नसेल तर एक वाफा वाढवून पाहावा आणि दोन आठवडे त्यावरच थांबावे. डॉक्टरांना पूर्ण वही पाहण्यास वेळ नसतो, म्हणून एका कागदावर एवढेच लिहून न्यावे: या तीन महिन्यांत अंथरुणात गेलेले दिवस किती, सकाळी सांधे किती मिनिटे आखडतात किंवा किती पायऱ्यांवर धाप लागते, आणि पूर्वी जमत असलेले पण आता न जमणारे एक काम कोणते. माझ्या मागच्या कागदावर ‘नऊ दिवस, ऐंशी मिनिटे, सदऱ्याची बटणे’ असे लिहिलेले होते, आणि तेवढ्यावर डॉक्टरांनी गोळीची मात्रा बदलली.